माती वाळेपर्यंत

यवतहून मामेभावाचा फोन आला. "ताई, आबा गेले..." त्याचे आबा म्हणजे माझे मामा. हवाई दलात मेकॅनिक होते, निवृत्त झाल्यावर यवतला रस्त्याकडेला पंक्चरचं दुकान टाकलं. लोकांना गंमत वाटायची. मला नाही, कारण विमानावरही मामा रबराचंच काम करायचे.

सत्तरच्या दशकात माझं लग्न झालं तेव्हा यजमान हवाई दलाच्या मालवाहू विमानावर होते, हिमालयातल्या चौक्यांवर रसद टाकायला जायचे. एकदा सुट्टीत बोलता बोलता सांगून गेले, की ढगात पंखांवर बर्फ धरतो आणि विमान जड होतं. ते परत गेले आणि माझं अन्नावरचं मन उडालं. त्यात मला दिवस गेलेले. शेवटी सासरहून, राहू गावातून, एसटीनं यवत गाठलं आणि मामांना म्हटलं, "यांना नोकरी सोडायला सांगा. तुमचं ऐकत्याल."

मामांनी सायकलची जुनी ट्यूब फळीवर बांधली आणि तिच्यावर ओली माती थापली. "पंखाच्या पुढच्या कडंला अशीच रबरी पट्टी असती. बर्फ धरला की पायलट तिच्यात हवा सोडतो. बघ आता." पंप मारला, ट्यूब फुगली, पण माती नुसती ताणली गेली... पडली नाही. मामा हसले. "घाई केली म्या. पातळ बर्फबी असाच चिकटून ऱ्हातो. जरा कडक होऊ द्यावा लागतोय."

फळी उन्हात ठेवून आम्ही दुकानाच्या बाकावर बसलो. मामांनी आपला डबा माझ्यापुढे सरकवला आणि कित्येक दिवसांनी मी पोटभर जेवले. मग पंप मीच मारला. माती तडकली, खपल्या होऊन खाली आली.

"आन् पट्टीच फाटली तर?"

"तर अवघड हाय," मामा म्हणाले. "म्हणून तर उडायच्या आधी मेकॅनिक समद्या पट्टीवरनं हात फिरवतो. तवा मी फिरवायचो, आता दुसरं कुणी फिरवतंय." खोटा धीर त्यांनी दिला नाही, म्हणूनच त्यांनी दिलेला धीर मला पुरला.

पुढच्या सुट्टीत मी यांना मामांनी दाखवलेलं सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी हे एकटेच यवतला जाऊन संध्याकाळी परतले. काय बोलणं झालं, मी विचारलं नाही.

मामांच्या पुण्यानुमोदनाला सगळे त्यांच्या आठवणी सांगायला जमले, तेव्हा हे बोलायला उभे राहिले. "वर गेलं की मला लई भ्या वाटायचं. ह्ये फकस्त मामांना ठावं होतं. घरातबी कवा बोललो न्हाई." आणि खाली बसले.

निघताना आम्ही दोघं दुकानाच्या बाकावर एसटीची वाट बघत बसलो. एक एसटी आली, गेली. आम्ही उठलो नाही.