थांबलेल्या टाकीतली लाट

भूत, बाधा, करणी असल्या गप्पा मारणाऱ्यांची मला पहिल्यापासून कीव येते... कीव हा सभ्य शब्द झाला. या ग्रुपवरचे अर्धे अनुभव म्हणजे अपुरी झोप आणि उरलेले शुद्ध थापा, हे माझं मत आजही कायम आहे. तरी लिहितोय.

मी रावेतला राहतो. निघोज्याजवळच्या एका कंपनीत सिम्युलेशन करतो. ट्रकवर ठेवायच्या जाड रबरी कापडाच्या टाक्या आम्ही बनवतो. ब्रेक लागला की आतलं पाणी हिंदकळतं, त्याने भिंत फुगते, आणि भिंत फुगली की लाटही बदलते. हे आधी कॉम्प्युटरवर काढायचं, मग खरी टाकी टेस्ट रिगवर, म्हणजे टाकी हलवणाऱ्या सांगाड्यावर, हलवून ताडून बघायचं — हे माझं काम.

रिगवर बबनकाका होते. निघोज्याचेच, जमीन गेल्यावर कंपनीत लागलेले. टेस्ट संपली की टाकीला तळहात लावून उभे राहायचे. मी सगळ्यांसमोर विचारायचो, काय काका, पेशंटची नाडी कशी आहे? लोक हसायचे. काका नाही.

त्या मंगळवारी साडेबाराला टेस्ट संपली, रिगचा मेन स्विच बंद केला, टाकीवरचे सेन्सर तेवढे चालू ठेवले. अर्धी भरलेली टाकी पाच-दहा मिनिटांत शांत होते. दीड वाजता जेवून आलो, तर काका डबा न उघडता तिथेच उभे.

"साहेब, पाणी अजून चालतंय. वाढतंय ते."

मी स्क्रीन दाखवला. दाब, भिंतीवरचा ताण... सगळ्या रेषा सपाट. स्वतः हात लावून पाहिला. काही नाही. मग यांना एकदा धडा शिकवावा म्हणून टाकीच्या कोपऱ्याला पाठ लावून, हाताची घडी घालून उभा राहिलो. म्हणालो, शाळा शिकला असतात तर पाण्याशी गप्पा मारायची वेळ आली नसती.

त्यांनी माझी कॉलर धरून मला बाजूला फेकलं.

त्याच क्षणी कोपरा फाटला. नुसती शिवण उसवली असती तर पाणी भसाभस वाहून गेलं असतं. हे पाणी धडकलं. काका रिगच्या सांगाड्यावर आपटले, खांदा मोडला. माझं डोकं होतं त्याच्या समोरचा लोखंडी अँगल वाकला होता. थांबलेल्या पाण्यात एवढा जोर नसतो. नसतोच.

चाकणच्या हॉस्पिटलमध्ये त्यांना भेटलो. माफी मागायला गेलो होतो, पण तोंडातून निघालं ते — तुम्हाला कळलं कसं?

"हाताला लागत हुतं," काका म्हणाले. "तुमाला न्हाई लागलं, त्याला मी काय करू?" आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

कँटीनमधले शहाणे म्हणतात, शेडच्या जागेवर पूर्वी काहीतरी होतं. मूर्ख लेकाचे. ऑफिसातले म्हणतात सेन्सर खराब होते. ते त्यांच्याहून मूर्ख, कारण सेन्सर मी स्वतः तपासले, उत्तम आहेत. फाटेपर्यंत रेषा सपाटच आहे. चार महिने झाले, मॉडेल शेकडो वेळा चालवलं. पाणी दरवेळी थांबतं.

रिपोर्टमध्ये मी 'शिवण कमजोर' असं लिहून सही केली. खोटं आहे ते. खरं काय, मला माहीत नाही.