छपराचा फोटो

कौलं दुरुस्त करणारा ठेकेदार शिडीवरून उतरला आणि त्याने मोबाइल माझ्यासमोर धरला. फुटलेली कौलं, शेवाळ, फटीत अडकलेली तांबड्या पतंगाची शेपटी. मी हादरलेच. "हे आमचं छप्पर?"

"तुमचंच, ताई," तो हळहळत म्हणाला.

आधी आलेले दोघे ठेकेदार अंगणातूनच मान वर करून बोलले होते. हा निदान वर चढला. माणूस भरवशाचा, असं मी तिथेच ठरवलं.

संध्याकाळी शेजारच्या काकूंना सांगायला गेले, तर त्याच म्हणाल्या, "अगं, आमच्याही छपराची दशा दाखवली त्याने. फोटो मागून घेतलाय, बघ."

मी फोटो बोटांनी मोठा करून बघितला. तीच फुटकी कौलं, तीच तांबडी शेपटी.

त्याने फसवलं, हा धक्का ओसरेलही. पण आम्ही दोघींनी कुणाचं कोण जाणे ते छप्पर आपलं म्हणून मान्य केलं! भिंतीवरचा डाग न डाग ओळखणाऱ्या आम्ही, डोक्यावर काय आहे ते जन्मात पाहिलं नव्हतं.

परतताना मी रस्त्यातच टाचा उंचावून उभी राहिले. कौलांची पुढची ओळ तेवढी दिसली. त्यामागचं छप्पर खरंच कसं आहे, हे अजूनही वर चढलेल्या त्या एकट्या माणसालाच ठाऊक होतं.