उज्वलाताईची डुकरं

उज्वलाताईनं तिच्या जित्राबांपायी लातुरात दोन घरं सोडली. पहिल्या मालकानं "उंदीर पाळता का?" म्हणून काढलं, दुसऱ्याच्या बायकोला वास यायचा. वास कसला, डोंबलाचा! पिंजरा ती रोज धुवायची. मी तनुजा, तिच्या समोरच्या खोलीत राहते. तोंडाची फटकळ हाय, पण खोटं बोलणार न्हाई.

ती मूळची मुदखेडची, इथं एका फार्मसी कॉलेजात शिपाई. तिथली जनावरांची खोली बंद झाली तेव्हा दोन गिनीपिग उरले, भरताच्या वांग्याएवढे. कुणी नेईना. हिनं टोपलीत घालून घरी आणले, नावं ठेवली गुणाबाई अन् पारूबाई. एकटीच बाई. "संध्याकाळी कुणीतरी माझी वाट बघतं गं," म्हणायची. ह्या तिसऱ्या घरात मात्र शहाणी झाली होती, पिंजरा पडद्याआड ठेवायची.

घरमालक विरूपाक्षप्पा खाली राहतेत. रोज सकाळी भाजी घेऊन जिन्यापाशी आले की वरून शीळ यायची, व्हीक व्हीक व्हीक! अप्पा गल्लीभर सांगत फिरायचे, "कोणता पक्षी हाय कोण जाणे, पण मी आलो की बोलतोच. पायगुण लागतो!" खरं आम्हा दोघींनाच ठाऊक. कॅरीबॅग सळसळली की कोथिंबीर आली समजून गुणाबाई-पारूबाई ओरडायच्या. आम्ही ओठ चावून हसू दाबायचो.

एक दिवस उज्वलाताईच्या हातून जिन्यात जनावरांच्या डॉक्टरची इंग्रजी चिठ्ठी पडली. अप्पांनी एकेक अक्षर जुळवलं. पी, आय, जी. झालं, घर डोक्यावर घेतलं.

"माझ्या घरात डुक्कर? रविवारपर्यंत डुकरं तरी जातील, न्हाई तर तुम्ही!"

"अप्पा, नुसतं नाव हाय हो ते. गवत खातेत बिचारे."

"नाव काय उगीच ठेवतेत का?"

शनिवारी तिनं भांडी बांधली. मी म्हणलं, "देऊन टाक की कुणाला." ती म्हणाली, "एकदा वाचवून आणलंय तनुजा. आता न्हाई टाकायची." मला लई वाईट वाटलं, अन् अप्पांचा रागही आला.

रविवारी सकाळी अप्पा बाजारातून थेट वर आले, मागं त्यांची बायको बसम्मा. दारातच भाजीची पिशवी नाचवत गरजले, "निघाल्या का न्हाई अजून?"

पडद्याआडून आवाज आला, व्हीक! व्हीक! व्हीक!

अप्पांचा हात वरच राहिला. "अरे, हा तर माझा पक्षी!"

उज्वलाताईनं फाडकन पडदा सारला. "बघा अप्पा, हाच तुमचा पक्षी. वर्षभर तुमच्याशी बोलून राहिलाय."

बसम्मा पदर तोंडाला लावून हसायला लागली. "अय्यो, ह्यांचा पायगुण! कोथिंबिरीचा पायगुण!"

अप्पांचं तोंड बघण्यासारखं झालं. गल्लीभर फुशारकी मारली होती. आता पक्षी कुठं गेला म्हणून कुणी विचारलं तर काय सांगणार? दोन-तीनदा खाकरले. मग पिशवीतली कोथिंबिरीची एक काडी हळूच जाळीतून सरकवली. पारूबाईनं ती बोटातून ओढूनच घेतली.

"भांडी सोडा," अप्पा म्हणाले. "पण गल्लीत पक्षीच म्हणायचं, बरं का."

उज्वलाताई इतकी खळखळून हसलेली मी पहिल्यांदाच बघितली. "म्हणते की! पण कोथिंबीर तुम्हीच आणायची."

आणतेत ना! परवा बाजारात मी त्यांच्या मागंच उभी होते. अप्पा भाजीवालीला सांगून राहिले होते, "कोवळी जुडी दे बाई, आमच्या पक्ष्याला दात हायेत."