कापराने निवडलेले स्थळ

लेक सासरी धाडताना बाप काय पाहतो? घरात दिवा टिकतो का, उन्हाळ्यात सावली मिळते का, आणि हाक मारली तर कोणी धावून येते का. पुंडलिकनगरच्या आप्पासाहेबांनी हेच प्रश्न एका लोखंडी पेटीसाठी विचारले. मायेला काही आकार असतो का हो? ती जिथे जडते, तिथे जडते.

आप्पासाहेब पूर्वी शाळेची बस चालवीत. स्टिअरिंगला हात जोडल्याशिवाय त्यांनी कधी चावी फिरवली नाही. पुढे कन्या रूपा संगणक शिकली आणि बापलेकींनी एक सेवा काढली: शाळेची गाडी या क्षणी कुठे आहे, ते आईला मोबाइलवर दिसावे. हे सारे ज्या सर्व्हरवर चाले, तो होता देवघरात, कारण घरात तीच खोली थंड. सकाळी देवाला फूल वाहिले की एक फूल त्यालाही मिळे.

एप्रिलातल्या एका दुपारी मात्र वीज गेली, इन्व्हर्टर दमला, सर्व्हर तापून मुका झाला. लेकरे गाड्यांत सुखरूप होती. पण आयांच्या पडद्यावरून नाहीशी झाली होती. गारखेड्याहून एका माउलीचा फोन आला, "आप्पा, माझं लेकरू कुठंय, येवढंच सांगा हो." तिच्या हुंदक्याने आप्पासाहेबांचे जेवण सुटले. जूनमध्ये शाळा उघडतील, तेव्हा असा फोन पुन्हा येता कामा नये, एवढाच त्यांचा ध्यास.

रूपा म्हणाली, "आप्पा, पेटी आपलीच राहील, पण दुसऱ्याच्या जागेत भाड्यानं ठेवू. वीज, गारवा, पहारा त्यांचा. ह्यालाच को-लोकेशन म्हणतात."

"म्हंजे सासरच की! चल, स्थळं पाहू."

स्वयंपाकघरातून रूपाची आई सारजाबाई कडाडल्या, "पोरीसाठी एवढी पायपीट केली असती, तर एव्हाना जावई पाटावर बसला असता!"

पहिले स्थळ शहरातच होते. मालक ऋतुराज. काचेची दारे, निळे दिवे, वेलचीचा चहा. आप्पासाहेबांनी पिशवीतून नारळ आणि कापूर काढला. नव्या जागी यंत्र ठेवण्याआधी पूजा, हा त्यांचा नेम.

"अवश्य लावा, आप्पासाहेब! ग्राहक म्हणजे आमचा देव," म्हणत ऋतुराजांनी स्वतः काडी ओढली. सर्व्हरांच्या दालनात कापूर भरभरून जळला, धूर छताला टेकला. रूपा छताकडे बघत राहिली. आप्पासाहेबांचे डोळे मात्र भक्तीने मिटले होते. बाहेर येताच ते म्हणाले, "स्थळ पक्कं. किती भाविक माणूस!"

"दुसरंही बघू, आप्पा. येतो म्हणून त्यांना शब्द दिलाय."

दुसरे स्थळ पैठण रस्त्यावर, चितेगावच्या अलीकडे. तिथे ना काच, ना चहा. पाळीवरचे अभियंते धम्मपाल यांनी दारातच पिशवी तपासली. "काका, काडेपेटी इथंच ठेवा. नारळबी आत नाय."

आप्पासाहेबांचा पारा चढला. "व्हय का? लई मोठे साहेब तुम्ही! शहरात त्या भल्या माणसानं दालनात कापूर लावू दिला!"

"दालनात? बरं, मग घंटा वाजली का?"

"कसली घंटा?"

"धुराची. आमच्याकडं काडी पेटली तरी छतावरची घंटा कोकलते, अन् समदे धावत सुटतात. तुमच्या कापरानं कोन धावलं?"

आप्पासाहेबांना ऋतुराजांचे दालन आठवले. कापूर पुरा जळला होता. धूर छताला टेकला होता. आणि कोणीही, कोणीही आले नव्हते.

"रूपे, तुला कळलं होतं?"

"व्हय आप्पा. पण तुमचे डोळे मिटलेले होते."

बाप क्षणभर ओशाळला, मग खदखदून हसला. काडेपेटी त्याने आपणहून धम्मपालांच्या तळहातावर ठेवली. "घ्या साहेब. जिथं माझ्या कापराला धाक आहे, तिथंच माझी लेक नांदेल."

जूनमध्ये शाळा उघडल्या. वीज जात राहिली, येत राहिली. लेकरे पडद्यावर दिसत राहिली.

खंडेनवमीला, अवजारे पूजायच्या दिवशी, आप्पासाहेब ताट घेऊन चितेगावच्या रस्त्याला लागले. पण यंत्र आत, कापूर बाहेर; पूजा करावी कशाची? धम्मपाल हसत बाहेर आले आणि सर्व्हरच्या कपाटाची किल्ली त्यांनी ताटात ठेवली. फाटकाबाहेर, लिंबाच्या झाडाखाली, त्या बोटभर किल्लीला हळद लागली, कुंकू लागले, झेंडू वाहिला, नारळ फुटला. धम्मपालांनी खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला.

आप्पासाहेब किल्ली घेऊन फाटकाकडे वळले, तोच मागून हाक आली, "काका, थांबा!"

"आता काय राहिलं?"

"हळद पुसा अन् मगच आत."

आप्पासाहेबांनी उपरण्याच्या टोकाने किल्ली पुसली. लेकीचा चेहरा पुसावा, तशी.