दिवे लागायच्या आत

सिनेमा-समीक्षकांसाठीच्या खास खेळात दिवे लागायच्या आत रुमाल पर्समध्ये जायला हवा, हे आम्हाला कुणी शिकवलेलं नाही. तरी सगळे ते पाळतात. परवाच्या सिनेमात नायिका आपलीच परत आलेली पत्रं ट्रंकेत रचून ठेवते, तेव्हा माझाही रुमाल बाहेर आला. मूळ कादंबरी वाचतानाही मी याच जागी रडले होते, पण तेव्हा घरात एकटी होते.

दिवे लागले. शेजारचे ज्येष्ठ समीक्षक चष्मा पुसत म्हणाले, "नुसती रडारड!"

"कादंबरीची सर नाही," मीही घाईघाईने म्हणाले.

दाराशी झाडू घेऊन उभ्या असलेल्या मावशी मात्र खुशाल पदराने डोळे पुसत होत्या. "ताई, चांगलं लिहा हं," त्या म्हणाल्या. मी मान हलवली आणि घरी येऊन लिहिलं: अतिभावुक, दोन तारे. हळव्या सिनेमांची सालं काढणारी म्हणूनच वाचक मला ओळखतात. त्या ओळखीच्या दाराला कडी बाहेरून आहे.

रविवारी त्याच सिनेमाचं तिकीट काढून एकटीच शेवटच्या रांगेत जाऊन बसले, मनसोक्त रडायला. ट्रंक उघडली. आजूबाजूला हुंदके सुरू झाले. माझे डोळे कोरडेच. हात तेवढा अंधारात टिपणांची वही शोधत होता.