शाळेची हद्द आणि सुजाताताईंचं घर

हे मी पहिल्यांदाच बोलतेय. मिलिंदला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, यातलं अर्धं माहीत आहे, आणि ते अर्धंही मी माझ्या सोयीने सांगितलेलं. नागपूरला आईला यातलं अक्षर ठाऊक नाही. तुम्हाला का सांगतेय? नीट सांगता येणार नाही. तुम्ही समोर बसला आहात असं धरते आणि बोलते. मध्ये अडखळले तर जरा थांबा.

आधी घराचं सांगते. म्हणजे शाळेचं — आमच्याकडे अमेरिकेत, अ‍ॅशबर्नला दोन्ही एकच. तुम्ही तिकडे घर घेताना काय बघता? पाणी किती वेळ येतं, ऊन कुठून येतं, शेजार कसा आहे. इथे राहता त्या हद्दीचीच सरकारी शाळा मिळते, म्हणून आपली माणसं दारातच फोन काढतात — हे घर कुठल्या शाळेत येतं? त्या शाळेला दहापैकी किती गुण? एजंटबाई आम्हाला स्वयंपाकघर दाखवत होत्या आणि मी ओट्याकडे पाठ करून शाळेच्या हद्दीचा नकाशा बघत होते. घर म्हणजे टाउनहाउस — अरुंद, तीन मजल्यांचं, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती चिकटलेल्या, मागे डेटा सेंटरची घरघर. मिलिंद म्हणाला, "थोडं लांब गेलो तर डबल साइझचं घर येईल यार." मी म्हटलं, शाळा बघ. तो गप्प झाला. शाळेचं नाव काढलं की आपल्यात सगळेच गप्प होतात.

आता सुजाताताई. त्यांच्याबद्दल सांगताना मला जपून बोलायला हवं, कारण माझी सवय आहे — ज्याचं वाईट केलं त्याचं कौतुक जास्त करायचं. तर सरळ सांगते. आम्ही इथे आलो तेव्हा कंपनीने दिलेलं राहायचं ठिकाण बघता बघता सोडायची वेळ आली, आणि नव्या माणसाला कुणी भाड्याने घर देईना. समाजाच्या ग्रुपवर कुणीतरी आमचं लिहिलं. दुसऱ्या दिवशी ताईंचा फोन. "जयभीम. बॅगा किती आहेत? गाडी एक पुरेल का दोन आणू?" ओळख ना पाळख! त्यांचं दोन बेडरूमचं भाड्याचं अपार्टमेंट. त्यातली एक खोली त्यांनी आम्हाला दिली आणि स्वतः नवरा-मुलीसकट दुसरीत झोपल्या. आमच्यासाठीच असं नाही. नागपूर, अमरावती, अकोला, कुठूनही नवं कुटुंब आलं की पहिला मुक्काम ताईंकडे, ही आमच्यातली रीतच होऊन गेली होती.

आमच्या मुलीला, मैत्रीला, शाळेत घालायचं तर पत्त्याचा पुरावा हवा. आमच्या नावावर तर काहीच नव्हतं. ताई माझ्याबरोबर शाळेच्या ऑफिसात आल्या आणि सही करून दिली, की ही माणसं माझ्याकडे राहतात. त्यात लबाडी नव्हती, नियमातच तशी सोय आहे. माझी मुलगी त्या नावाजलेल्या शाळेत पहिल्यांदा गेली ती ताईंच्या पत्त्यावर. पुढे आम्ही त्याच हद्दीत, रस्त्याच्या अलीकडे, हे घर घेतलं. ताई पलीकडे, भाड्याच्याच घरात राहिल्या.

ताईंची मुलगी सांची, मैत्रीच्याच वर्गात. बोलताना ती अडते. शब्द ओठांपर्यंत येतो आणि तिथेच राहतो, मग ती मान खाली घालते. त्या शाळेत मुलांना बोलायला मदत करणाऱ्या एक बाई होत्या. त्यांच्याकडे जाऊन जाऊन सांची वर्गात हात वर करायला लागली होती. तिने पहिल्यांदा सगळ्यांसमोर उत्तर दिलं, त्या दिवशी ताईंनी मला पार्किंगमध्ये गाठलं आणि सांगता सांगता रडायलाच लागल्या. मीही रडले. नाटक नव्हतं ते — आणि याचंच मला आज सगळ्यात नवल वाटतं.

मग बातमी आली की शाळेत मुलं मावत नाहीत, शाळांचं बोर्ड हद्द नव्याने आखणार, आणि त्याआधी लोकांची सुनावणी घेणार. दोन नकाशे निघाले. एकात आमची गल्ली दुसऱ्या शाळेत जात होती. दुसऱ्यात पलीकडची अपार्टमेंट्स जात होती. दुसरी शाळा काही वाईट नव्हती, पण दहापैकी तिला कमी होते, आणि आमच्या गल्लीत जणू कुणाच्या घरी वाईट घडलंय असं वातावरण झालं. घराची किंमत, मुलांचं भविष्य — मिलिंदला तर रात्री झोप येईना. घरोघरी बैठका सुरू झाल्या. सुनावणीला घालायला गल्लीचे एकसारखे निळे टी-शर्ट छापून आले.

इथे एक गोष्ट मध्येच सांगते. त्याच गल्लीत पहिल्यांदा सगळे जेवायला जमलो होतो, तेव्हा कोपऱ्यावरच्या घरातल्या बाईंनी मला विचारलं होतं, "पूर्ण नाव काय तुमचं?" मी आडनाव सांगितलं. त्या "अच्छा" म्हणाल्या आणि सॅलड वाढायला निघून गेल्या. तो "अच्छा" तुम्हाला कळला असेल तर पुढे काही बोलायची गरज नाही. पण आता त्याच बाईंनी टी-शर्ट माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "बोर्डापुढे तूच बोल. यू आर सो आर्टिक्युलेट. आपल्या गल्लीकडून तूच." आपल्या! मी किती सुखावले ते सांगायला लाज वाटते. ही सबब नव्हे. बरं वाटलं होतं, एवढंच.

सुनावणीच्या संध्याकाळी मैत्रीला कुठे ठेवलं असेल? सुजाताताईंकडे. ऑफिसचा कॉल आहे म्हणून सांगितलं. ताई म्हणाल्या, "जा गं आरामात. पोरगी जेवेल इथेच, तूही ये जेवायला." निळा टी-शर्ट मी कोटाच्या आत घातला होता.

माझा नंबर आला. समोर बोर्डाची माणसं, मागे खचाखच भरलेला हॉल. सुरुवात चांगली केली — आम्ही काटकसर केली, विचार करून घर घेतलं, वगैरे. माणसं माना डोलवायला लागली. त्या माना बघून माझ्यात काय शिरलं कोण जाणे. मी म्हणाले — इंग्रजीत, स्वच्छ, न अडखळता — की त्या अपार्टमेंटमधली कुटुंबं टिकत नाहीत, आज आहेत, उद्या नाहीत. तिथे एकेका पत्त्यावर दोन-दोन कुटुंबं राहतात, केवळ मुलांना या शाळेत घुसवायला. हे मी स्वतः आत जाऊन पाहिलंय.

खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणतात ना? मी ते मायक्रोफोनवर मोजले.

आणि आता जे सांगते ते मला आजही खरं वाटत नाही. मी लहान असताना वडिलांची बदली झाली होती आणि ते भाड्याची खोली बघायला मला सायकलवर बसवून घेऊन गेले होते. मालकाने आडनाव विचारलं आणि दारातूनच म्हणाला, "तुमच्यात एका खोलीत किती माणसं येऊन राहतील, कुणी मोजायचं?" वडिलांनी काही न बोलता सायकल वळवली. ते वाक्य मी आयुष्यभर जपलं. भाषणांत सांगितलं, मैत्रीला सांगितलं. तेच वाक्य इंग्रजी होऊन माझ्या तोंडातून बाहेर पडत होतं, आणि मला ते ऐकू येत होतं! ऐकून मी हादरले. तुम्हाला वाटेल, मग मी थांबले असेन. मला दिलेला वेळ अजून उरला होता. मी तो पूर्ण वापरला.

टाळ्या पडल्या. कोपऱ्यावरच्या बाईंनी मला मिठी मारली. मी गाडीत बसले, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावली आणि ताईंकडे जेवायला गेले. वांग्याची भाजी होती. "कॉल कसा झाला?" ताईंनी विचारलं. "चांगला झाला," मी म्हणाले, आणि दुसऱ्यांदा भाजी मागून घेतली.

मी इथेच थांबले असते तरी ते पुरेसं वाईट होतं, नाही का? पण ऐका. अपार्टमेंटमध्ये बातमी पसरली की टाउनहाउसवाल्या कुणीतरी बाईने असं असं सांगितलं. नाव कुणाला कळलं नाही. बिल्डिंगच्या ऑफिसने पाहुण्यांबद्दल विचारपूस सुरू केली. त्या वेळी ताईंकडे नुकतंच एक कुटुंब उतरलं होतं. ते घाबरून सामान उचलून शेजारच्या हर्नडन गावात कुणाकडे तरी गेलं. ते गेल्यावर लगेच ताई माझ्याकडे आल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना चिडलेलं पाहिलं. "कोण असेल गं ती बाई? पोटची पोरं असतील ना तिला पण?"

मी पाणी आणायला आत गेले.

परत आले तर त्यांनी माझा हात धरला. पुढची सुनावणी होती. "तू बोल ना आमच्या बाजूने. माझी तिथे दातखीळ बसते. तुझं इंग्लिश कसं फ्लुएंट आहे. सांचीचं सांग त्यांना. शाळेतल्या त्या बाईंमुळे पोरगी बोलायला लागली, एवढं तरी सांग." मी काय म्हणावं? हो म्हणाले. लगेच म्हणाले, त्यांनी निराश होऊन माझा हात सोडू नये म्हणून.

त्या संध्याकाळी मैत्रीला ताईंकडे सोडून मी निघाले आणि किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडी लावून बसून राहिले. हॉलमध्ये जाणार कशी? बोर्डाच्या लोकांनी मला ओळखलं असतं. खरं तर तेच व्हायला हवं होतं — उभं राहायचं, मागच्या वेळी मी बोलले ते चूक होतं म्हणायचं, सांचीचं सांगायचं. फार तर गल्लीतले लोक बोलायचे बंद झाले असते. एवढंच गेलं असतं माझं. मी गाडीत बसून फोनवर शाळेचाच नकाशा बघत होते.

वेळ झाल्यावर ताईंकडे गेले. दारातच त्यांनी विचारलं, "बोललीस?"

"बोलले."

"सांचीचं सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग काय म्हणाले?"

याचा विचार मी केलाच नव्हता. मी म्हणाले, "एक मेंबर बाई होत्या ना, त्या लिहून घेत होत्या." कुठून सुचलं मला हे? एवढं बारीक, एवढं पटणारं! ताईंचा चेहरा असा उजळला की मला त्यांच्याकडे बघवेना. "लिहून घेत होत्या," त्या नवऱ्याला सांगायला आत धावल्या. निकाल लागेपर्यंत त्या भेटेल त्याला हे सांगत होत्या. माझ्या त्या एका खोट्यावर ते घर आस लावून बसलं.

निकाल आमच्या बाजूने लागला. हद्द रस्त्यावरून गेली. आमचं घर आत, ताईंचं बाहेर. मी नसते बोलले तरी कदाचित हेच झालं असतं — असं म्हणायचा मोह मला रोज होतो. मैत्रीने विचारलं, "आई, बट व्हाय? सांची इज लिटरली अक्रॉस द स्ट्रीट." मी म्हटलं, बोर्डाने ठरवलं बेटा. नव्या शाळेतही मदत करणाऱ्या बाई होत्या, चांगल्याच असणार. पण सांचीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची होती, आणि तिने ती केलीच नाही. वर्गात हात वर करणं बंद झालं. घरी फोन वाजला की ती बाथरूममध्ये जाऊन बसते, असं ताई सांगायच्या. मला सांगायच्या, कारण सांगण्यासारखी जवळची मीच होते.

त्या पहिल्या सुनावणीचं रेकॉर्डिंग बोर्डाच्या साइटवर आजही आहे. माझं नाव, माझा चेहरा, माझा आवाज. कुणीही बघावं. तासन् तास चालणारं ते रेकॉर्डिंग कुणी बघत नाही.

मग एप्रिलमध्ये जयंतीचा कार्यक्रम झाला. दर वर्षी असतो — वंदना, मुलांची गाणी, जेवण, सत्कार. त्या वर्षी सत्कारासाठी माझं नाव पुकारलं. मला काही कळेना. ताईंनी सुचवलं होतं. माईकवर त्याच बोलल्या, तुटक तुटक, मराठीतच: "निकाल आपल्या विरुद्ध गेला. पण ही एकटी तिथे उभी राहिली आपल्या लेकरांसाठी. आपलं कोण असतं, ते अशा वेळी कळतं." सगळा हॉल उभा राहिला. मिलिंद फोटो काढत होता.

ताईंनी मला शाल पांघरली. फुलं द्यायला त्यांनी सांचीला पुढे केलं. ती आली, फुलं माझ्या हातात दिली, आणि गेली नाही. तिला काहीतरी म्हणायचं होतं. शब्द ओठांशी आला आणि अडला. शे-दोनशे माणसं बघत होती. तिची मान ताठ झाली, डोळे गच्च मिटले. शेवटी ती म्हणाली, "थँक्यू मावशी."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग माईक माझ्याकडे दिला, आणि मी शिक्षणावर बोलले. चांगलं बोलले. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.