प्लास्टिकमधला बगळा

जानेवारीतला दुसरा रविवार, दुपारी दीड. हजर: मी, नवरा आणि माझी नणंद. ती सात वर्षं जपानात नोकरी करते. दोन दिवसांसाठी आली होती आणि त्याच संध्याकाळी पुण्याला सासरी जाणार होती. सासूबाई आतल्या खोलीत, जेवून झोपलेल्या.

नणंदेने बॅगेतून पुठ्ठ्याचं चपटं पाकीट काढलं तेव्हाच मला कळलं, यंदाही तेच. लाकडी ठशाने छापलेलं जपानी चित्र. गेली सहा वर्षं आईच्या वाढदिवसाला ती एक चित्र पाठवते. वाढदिवसाच्या महिनाभर आधी मी तिला व्हॉट्सअॅपवर यादी पाठवते, क्रमांक घालून: न घसरणाऱ्या चपला, पकडायला जाड दांड्याचा चमचा, वेळ बोलून सांगणारं घड्याळ. तिकडे म्हाताऱ्या माणसांसाठी चांगल्या वस्तू मिळतात असं सगळे सांगतात. यादीवर तिचा अंगठा येतो आणि टपालाने बगळा येतो.

बगळा दुसऱ्या वर्षी आला. त्याआधी मांजर. मग होडी, मग टोपलीवाली बाई, पूल आणि एक डोंगर. सासूबाईंचे डोळे काचबिंदूने गेलेत. खिडकी कोणत्या बाजूला आहे तेवढं त्यांना कळतं. अशा बाईला चित्रं पाठवणाऱ्या मुलीबद्दल मी काय म्हणत होते ते इथे लिहीत नाही. नवऱ्याला तोंडपाठ आहे.

सासूबाई मात्र रोज दुपारी ती चित्रं मागायच्या. मांडीवर उशी, उशीवर चित्र, आणि त्यावरून हात. सावकाश, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत. लेकीचं आहे म्हणून कुरवाळतात, असं मी धरून चालले होते. लेकीने पाठवलेली रिकामी पिशवीही त्यांनी कुरवाळली असती. आठ वर्षं त्यांचं पथ्यपाणी मी करतेय, मी दिलेलं ताट कोणी कुरवाळलेलं नाही.

आमचं घर हाटकेशला, अकराव्या मजल्यावर. खाडीकडचा खारा वारा दिवसभर घरात असतो. कपाटामागची भिंत घाम आल्यासारखी ओली होते, पुस्तकांना कसर लागते. गेल्या श्रावणात मांजराच्या चित्रावर तपकिरी ठिपके दिसले, पुलाचा एक कोपरा कुरतडलेला होता आणि टोपलीवालीवर सासूबाईंचा चहा सांडलेला होता. मी माझ्या कामांच्या यादीत लिहिलं: चित्रांचा बंदोबस्त. आमच्या घरात ज्या कागदाला किंमत असते तो लॅमिनेट होतो. मुलाची दहावीची गुणपत्रिका, आमचं लग्नाचं सर्टिफिकेट, सासऱ्यांचं निवृत्तीचं पत्र, सगळं. मी सहाही चित्रं झेरॉक्सवाल्याकडे नेली.

"कॅलेंडर का है क्या, मॅडम?"

"गिफ्ट का है. बुलबुला नहीं आना चाहिए."

"एक भी नहीं आयेगा. धो के सुखा भी सकते हो."

खरंच एकही फुगा आला नाही; प्लास्टिक मॅटचं, हाताला जवळपास कागदच. मी मागे चिकटपट्टीवर वर्ष लिहिलं, भोकं पाडून फाइलला लावली, सासूबाईंना काही न सांगता परत दिली, आणि यादीवर बरोबरची खूण केली.

तीनचार आठवड्यांनी सासूबाईंनी फाइल परत दिली. "ठेवून दे कपाटात," म्हणाल्या. "आता बोटंही गेली बहुतेक."

त्या तीस वर्षं एका कचेरीत टायपिस्ट होत्या. डोळे गेले तेव्हा त्या इतक्या खचल्या नव्हत्या. तेव्हा म्हणाल्या होत्या, मी कुठे कधी बघून टाइप केलं? बोटांचं मात्र त्यांनी एकदाच सांगितलं, पुन्हा विषय काढला नाही. तांदूळ निवडायला मागायच्या ते बंद झालं. भाजीतल्या मिरच्या चाचपून बाजूला काढायच्या, तेही मलाच सांगू लागल्या. मी डॉक्टरांना सांगायच्या यादीत नोंद केली: बोटांना बधिरपणा. डॉक्टर म्हणाले, साखर आहे, वय आहे, होतं असं. दहा इंजेक्शनं लिहून दिली. दर तिसऱ्या दिवशी मी त्यांना रिक्षाने घेऊन गेले आणि त्यांनी एकदाही कुरकुर न करता दंड पुढे केला.

तर त्या रविवारी नणंद म्हणाली, "आधीची कुठायत? आई उठली की सगळी एकदम देऊ तिला."

मी फाइल आणून दिली. खोटं कशाला सांगू, कौतुकाची अपेक्षा होती. तिने वरचाच बगळा घेतला, त्यावर बोट फिरवलं, आणि फाइल टेबलावर ठेवली.

"वहिनी, हे काय केलंस?"

"लॅमिनेट. कसर लागत होती. तुझ्या आईने एकावर चहा सांडलाय, तो पुसायला तू नव्हतीस."

"सगळी?"

"सगळी. अर्धवट काम मी करत नाही."

आतल्या खोलीचं दार उघडं होतं, त्यामुळे दोघी हळू आवाजात बोलत होतो. तशी आम्हाला सवय आहे. तिने नवं पाकीट उघडलं आणि चित्र माझ्यापुढे सरकवलं. फळांची फांदी, तिच्यावर बर्फ.

"डोळे मीट आणि हात लाव."

"मला स्वयंपाकघर आवरायचंय."

"लाव हात."

मी डोळे मिटले नाहीत, पण हात लावला. कागद मऊ, जाड. फांदीची प्रत्येक रेघ कागदात खाली रुतलेली. बर्फाला रंगच नव्हता, तो कागद नुसता दाबून उठवलेला होता, आणि बोटाला कणाकणाने लागत होता. बगळ्याची पिसंही अशीच, ती म्हणाली. शाई न लावता, नुसता ठसा दाबून. आईने पिसं मोजून तिला फोनवर आकडा सांगितला होता.

"दुकानात डोळे मिटून निवडते मी. ज्यांत बोटाला काहीच लागत नाही ती परत ठेवते. दुकानवाल्या बाईंना वाटतं मी वेडी आहे."

"मग हे सहा वर्षांत एकदा लिहायचंस."

"आईला माहीत होतं. तुला कशाला सांगायचं?"

"कारण पार्सल माझ्या पत्त्यावर येतं. सही मी करते."

"सहीच करायची होतीस. इस्त्री कोणी करायला सांगितली होती?"

नवरा इतका वेळ पेपरमागे होता. तो म्हणाला, "निघत असेल ना ते प्लास्टिक. जरा गरम केलं की."

"तू गप्प बस," आम्ही दोघी एकदम म्हणालो. त्या दिवसात आमचं एकमत झालं ते तेवढंच.

मग तिने विचारलं, "आई काहीच बोलली नाही?"

नाही म्हणता आलं असतं. पण माझ्याकडे ते लिहिलेलं होतं, तारखेसकट. "बोटं गेली म्हणाल्या," मी सांगितलं.

"आणि तू?"

"डॉक्टरांकडे नेलं. इंजेक्शनं झाली. दहा."

मग तिने फांदीचं चित्र पाकिटात परत घातलं आणि माझ्या हातात दिलं.

"हे तू दे तिला. आधी सांग, मग दे."

"तुझी आई आहे. तू सांग."

"मी सांगितलं तर ती चहाडी होईल. मी संध्याकाळी जाणार, वहिनी. उद्यापासून तिला तुझ्याच हातचं जेवायचंय. तुझ्यावर चिडलेली आई इथे सोडून मला जायचं नाही."

याचाच मला जास्त राग आहे. तिने माझ्यावर ओरडायला हवं होतं. ओरडणाऱ्या माणसाला मला उत्तर देता येतं.

सासूबाई चारला उठल्या. नणंद त्यांच्यापाशी बसली, त्यांचे हात हातात घेऊन, पुण्याच्या गप्पा मारत. चित्राचं नाव काढलं नाही. साडेपाचला गाडी आली.

चूक माझी आहे हे मी मान्य करते. सहा वर्षं मला न सांगणं ही तिची चूक आहे, आणि तीही मी सोडलेली नाही. पण या हिशेबात सासूबाई कुठेच येत नाहीत. त्या आतल्या खोलीत हात मांडीवर ठेवून बसतात. आधी डोळे, मग बोटं, आता पुढे काय जाणार याची वाट बघत.

सोमवारी मी सांगणार होते, तेव्हा पाणी गेलं होतं. मंगळवारी त्यांचं पोट बरं नव्हतं. काल दुपारी त्यांनी स्वतःच विचारलं, "यंदा ती रिकाम्या हाताने आली का गं? विचारू नये, पण विचारते. मला दिसत नाही, कळत नाही, म्हणून आणलं नसेल."

"औषधाची वेळ झाली, आई," मी म्हणाले.

त्यांनी तळहात पुढे केला. मी गोळी ठेवली. त्यांनी ती बोटांनी शोधली नाही, सरळ हात तोंडाशी नेला.

पाकीट माझ्या कपाटात आहे, साड्यांच्या खाली, ओल लागू नये म्हणून. आज गुरुवार. यादीत वीज बिल, दळण, गॅसचा पाइप, सगळ्यांवर खुणा झाल्या. सासूबाईंना सांगणे आणि चित्र देणे, हे राहिलंय.